‘सॉरी’ म्हणजे नेमके काय?

बसमध्ये कुणाच्या पायावर पाय पडला की आपण म्हणतो ‘सॉरी’. मयताच्या घरी गेलो की हात हातात घेऊन ‘सॉरी’. उसने मागायला कुणी आले की ‘सॉरी, जमणार नाही’. मराठीत हीच तीन कामे तीन तऱ्हेने बोलावी लागतात : ‘माझे चुकले’, ‘फार वाईट झाले’ आणि सरळ ‘नाही’. यातले पहिले म्हणताना जीभ जड होते. म्हणून तर ‘सॉरी’ सोयीचा! खरे तर जुन्या इंग्रजीत हा शब्द वेदना, जखम अशा अर्थाच्या शब्दापासून आला आहे.

ऑस्ट्रेलियात या एका शब्दावरून दहा-अकरा वर्षे वाद चालला. तेथील मूळ रहिवाशांच्या हजारो मुलांना साधारण १९१० ते १९७० या काळात आईबापांपासून तोडून सरकारी व मिशनच्या संस्थांत ठेवले गेले. त्यांत कॅथलिक संस्थाही होत्या, हे झाकून चालणार नाही. १९९७ साली चौकशीचा अहवाल आला. पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी १९९९ साली संसदेत खेदाचा ठराव मांडला, पण ‘सॉरी’ म्हणण्यास ते तयार नव्हते. जे आजच्या पिढीने केलेच नाही, त्याचा दोष तिने का घ्यावा, असे त्यांचे म्हणणे. मे २००० मध्ये सुमारे अडीच लाख लोक सिडनीच्या पुलावरून चालत गेले. वर आकाशात विमानाने धुराने तोच शब्द लिहिला. अखेर १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केविन रड यांनी तो संसदेत उच्चारला.

हॉवर्ड यांचा प्रश्न उडवून लावण्याजोगा नाही. ज्याचे पाप त्याचे, असे आपणही मानतो. पण समजा, बापाने बांध कोरून शेजाऱ्याची हातभर जमीन आत घेतली आणि आज मुलगा तिथली केळी विकतो आहे. ‘मी कुठे बांध कोरला?’ हे त्याचे म्हणणे खरेच आहे. जमीन मात्र अजून त्याच्याकडेच आहे.

पापनिवेदनाला जाताना पश्चात्ताप आणि कबुली यांबरोबर भरपाईही लागते, हे आपण लहानपणी शिकलो. लूकच्या शुभवर्तमानातील जक्कय (१९:८) माफीचा एक शब्दही बोलत नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेले चौपट परत, एवढेच सांगतो.

रड यांनी शब्द दिला, पण भरपाई नाकारली. थेट केंद्र सरकारच्या अखत्यारीतील प्रदेशांतून नेलेल्या मुलांसाठी केंद्राची योजना २०२१ साली जाहीर झाली : प्रत्येकी पंचाहत्तर हजार डॉलर, शिवाय ज्याला हवे त्याला वरिष्ठ अधिकाऱ्यासमोर बसून आपली कहाणी सांगण्याची आणि समोरासमोर माफी ऐकण्याची सोय. तोवर ती मुले म्हातारी झाली होती. कितीतरी जण वारले होते.