डोळ्यांनी पाहिलेले

गेल्या दिवाळीतली गोष्ट आहे. पहाटेचे अभ्यंगस्नान झाले, फराळ झाला आणि घरातली माणसे आपापल्या उद्योगाला लागली. माझा अकरा वर्षांचा नातू मोबाइल घेऊन कोपऱ्यात बसला होता. मी सहज त्याच्या मागे जाऊन उभा राहिलो. पडद्यावर एक गृहस्थ कलिंगडाला एकामागून एक रबरबँड चढवीत होता. कलिंगडाची कंबर आवळत आवळत गेली आणि एकाएकी त्याचा स्फोट झाला. नातू खदखदून हसला, आणि खरे सांगायचे तर मीही हसलो.

पुढचा अर्धा तास आम्ही दोघे त्या पडद्यापुढून हललो नाही. पाण्याने भरलेला फुगा टाचणीने फुटतो, रबर मागे पळते, आणि पाणी मात्र क्षणभर फुग्याचाच आकार धरून हवेत थांबते, हे दृश्य मी जन्मात प्रथमच पाहिले. एकतीस वर्षे मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकविले. जडत्व हा शब्द फळ्यावर किती वेळा लिहिला असेन याची गणतीच नाही. पण जडत्व असे दिसते, हे मला त्या दिवशी कळले.

एवढ्यात सून बाहेर आली. "बाबा, तुम्हीसुद्धा? मी म्हटलं तुम्ही त्याला अभ्यासाला बसवाल. ही नुसती करमणूक आहे हो!"

त्या "नुसती" या शब्दाने मला विचारात पाडले. करमणूक आणि ज्ञान यांचे वैर आहे, असे आपण धरूनच चाललो आहोत. वस्तुतः तसे काही नाही. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनने 1825 साली नाताळच्या सुटीत मुलांसाठी व्याख्याने सुरू केली. मायकेल फॅरेडेने तेथे एका साध्या मेणबत्तीवर व्याख्यानांची मालिका गुंफली, 1848 साली एकदा आणि 1860-61 मध्ये पुन्हा. ती ऐकायला आलेली मुले परीक्षेसाठी आली नव्हती, गंमत पाहायला आली होती. आपल्याकडच्या कीर्तनकाराला तरी दुसरे काय ठाऊक होते? पूर्वरंगातले निरूपण श्रोत्यांच्या गळी उतरावे म्हणून तो उत्तररंगात आख्यान रंगवीत असे. आख्यान ऐकताना डोळ्यांत पाणी आले म्हणून निरूपण हलके ठरत नाही.

तेव्हा तक्रार करायची ती करमणुकीविषयी नव्हे. माझ्या मनात आलेला प्रश्न निराळाच होता. नातवाला मी विचारले, "हे असंच होतं, हे तुला कशावरून कळलं?" तो चकित होऊन म्हणाला, "आजोबा, आत्ताच नाही का आपण डोळ्यांनी पाहिलं?"

डोळ्यांनी पाहिले! आपल्या नैयायिकांनी ज्ञानाची चार साधने मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. नातवाच्या मते त्याला मिळाले ते प्रत्यक्ष. पण ते खरोखर प्रत्यक्ष होते का? त्याच्यापुढे कलिंगड नव्हते, रबरबँड नव्हते. होते ते कोणीतरी टिपलेले, कापलेले, जोडलेले, संगीत देऊन सजविलेले चित्र. आधीची दहा कलिंगडे फुटलीच नाहीत की काय, हे त्याला कळायला मार्ग नव्हता. म्हणजे हे ज्ञान "अमुक घडले असे अमुक सांगतो" या जातीचे झाले. ते शब्दप्रमाण आहे, फक्त त्याने प्रत्यक्षाची वस्त्रे पांघरली आहेत. पुस्तकात वाचलेल्या गोष्टीविषयी निदान "लिहिणारा कोण?" असा प्रश्न आपल्या मनात येऊन जातो. पाहिलेल्या गोष्टीविषयी तो येत नाही. धोका आहे तो येथे.

शब्द प्रमाण मानायचा तर तो आप्ताचा असावा लागतो, आणि आप्त म्हणजे नात्यातला मनुष्य नव्हे. ज्याला वस्तू स्वतः ठाऊक आहे आणि जशी ठाऊक आहे तशीच ती सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. नुसते ज्ञान पुरत नाही, दानतही लागते. याचे एक बोलके उदाहरण आहे. मार्क रोबर हा अमेरिकन अभियंता पूर्वी नासाच्या प्रयोगशाळेत होता. मंगळावरच्या क्युरिऑसिटी या गाडीच्या कामातही त्याचा हात होता. 2018 च्या डिसेंबरात त्याने दारातून पार्सले पळविणाऱ्या चोरांसाठी एक पेटी बनविली. चोराने ती उघडली की चमकीचा फवारा उडायचा आणि त्याची फजिती चित्रित व्हायची. व्हिडिओ जगभर गाजला. मग लक्षात आले की त्यातल्या काही फजित्या खऱ्या नव्हत्या. पेटी दारात ठेवायला मदत करणाऱ्या एकाच्या ओळखीच्या माणसांनी ते सोंग वठविले होते. रोबरने ते जाहीरपणे कबूल केले, क्षमा मागितली आणि तेवढा भाग कापून टाकला. पेटी खरी होती, यंत्र खरे होते, यंत्रामागची बुद्धी तर खरी होतीच. तरी लक्षावधी लोकांनी "डोळ्यांनी पाहिलेले" थोडेसे खोटे होते, आणि नुसते पाहून ते बहुतेकांना ओळखता आले नाही.

येथवर आलो तेव्हा मला फार बरे वाटत होते. उत्तर सोपे दिसत होते: पडद्यावर पाहू नका, हातांनी करा. पुण्याच्या आयुकातील बालविज्ञान केंद्रात अरविंद गुप्तांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकाऊ वस्तूंपासून खेळणी कशी करावी हे दाखविणाऱ्या किती तरी छोट्या चित्रफिती केल्या. त्यांत मराठीही आहेत. काडेपेटी, सायकलची ट्यूब, कागदाचा कपटा! त्या पाहून झाल्यावर हात स्वस्थ बसत नाहीत. मी सुनेला ऐकू जाईल अशा आवाजात नातवाला म्हणालो, "चल, आपण खरा प्रयोग करू."

मी शाळेतला माझा आवडता प्रयोग काढला. बशीत पाणी घ्यायचे, मध्ये मेणबत्ती उभी करायची, ती पेटवायची आणि तिच्यावर काचेचा पेला उपडा घालायचा. थोड्या वेळाने ज्योत विझते आणि पाणी पेल्यात चढते. "का चढलं?" मी विचारले आणि वर्गातल्या सवयीने उत्तरही देऊन टाकले, "हवेत एक पंचमांश प्राणवायू असतो. तो जळून संपला, त्याची जागा पाण्यानं घेतली."

नातू बशीकडे पाहत होता. "आजोबा, मग ज्योत जळत असताना पाणी का नाही हळूहळू चढलं? ती विझल्यावर एकदम चढलं."

मी म्हटले, "पुन्हा करू."

पुन्हा केले. पाणी खरोखरच विझल्यानंतर धावले. शिवाय पेला ठेवताक्षणी त्याच्या काठाखालून दोनचार बुडबुडे बाहेर आले. ते बुडबुडे मी एकतीस वर्षे पाहत आलो होतो. पाहत आलो होतो, पण ते मला दिसले नव्हते. मग नातवाने एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या. पेला तोच, हवा तेवढीच, प्राणवायूही तेवढाच. पाणी मात्र पहिल्यापेक्षा बरेच वर चढले.

मी खुर्चीवर बसलो. खरे कारण कळायला मग वेळ लागला नाही. ज्योतीने तापलेली हवा प्रसरण पावते आणि तिचा काही भाग बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर जातो. ज्योत विझली की उरलेली हवा थंड होऊन आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला आत ढकलतो. ज्योत विझते तेव्हा पेल्यातला प्राणवायू संपलेलाही नसतो. त्याचा बराच अंश शिल्लक राहतो, तो ज्योतीला पुरत नाही एवढेच. शिवाय जो जळतो त्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड तयार होतोच. एक पंचमांश हा आकडा मला दर वर्षी दिसत असे, कारण तो दिसावा असे मला वाटत असे. पाणी जरा कमी चढले तर मी "मेणबत्ती नीट नव्हती" म्हणायचो, जास्त चढले तर "पेला वाकडा ठेवला" म्हणायचो.

आता माझ्या सोप्या उत्तराचे काय झाले? हा प्रयोग मी पडद्यावर पाहिला नव्हता, स्वतःच्या हातांनी केला होता, एकदा नव्हे, शंभरदा. प्रत्यक्षाहून प्रत्यक्ष! तरीही माझ्या डोळ्यांना दिसले ते पुस्तकाने सांगितलेलेच. माझे शब्दप्रमाण प्रत्यक्षाच्या वेषात वावरत होते आणि मी मोबाइलला दोष देत होतो.

डेरेक मुलर या मनुष्याने नेमक्या याच जागी बोट ठेवले आहे. "व्हेरिटॅसियम" या नावाने तो विज्ञानाचे व्हिडिओ करतो. त्याने 2008 साली सिडनी विद्यापीठात प्रबंध लिहिला तो याच विषयावर. काही विद्यार्थ्यांना त्याने भौतिकशास्त्रातला एक भाग स्वच्छ, सुबोध रीतीने समजावून देणारी चित्रफीत दाखविली. त्यांना ती फार आवडली, सारे कळले असे ते म्हणाले, आणि चाचणीत जवळजवळ जेथल्या तेथे राहिले. दुसऱ्यांना दाखविलेल्या चित्रफितीत लोकांच्या सर्वसाधारण चुकीच्या समजुती आधी बोलून दाखविल्या होत्या, मग त्या तपासल्या होत्या. या विद्यार्थ्यांना ती गोंधळात टाकणारी वाटली, डोक्याला ताण पडला. पण ते अधिक शिकले. "कळले" असे वाटणे आणि कळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. बहुधा पहिली दुसरीच्या आड येते.

याच मुलरने 2021 साली एक व्हिडिओ केला. "ब्लॅकबर्ड" नावाच्या एका गाडीला इंजिन नाही. मागून वारा वाहतो, आणि ती त्याच दिशेने वाऱ्याहून अधिक वेगाने धावते. 2010 मध्येच तिने वाऱ्याच्या 2.8 पट वेग गाठला होता. हे ऐकून कोणीही म्हणेल, फुकटची शक्ती कोठून आली? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक अलेक्झांडर कुसेंको हेच म्हणाले. गाडीवर बांधलेली फीत उलट फडफडताना दिसत होती, तरी त्यांना ते पटेना. वारा क्षणभर पडला असेल, जमिनीजवळ तो मंद असतो, असे त्यांचे आक्षेप होते. मुलरने दहा हजार डॉलरची पैज लावली, साक्षीदार ठेवून करारावर सह्या झाल्या. मर्म असे होते की पंखा चाकांना फिरवीत नव्हता, चाके पंख्याला फिरवीत होती. गाडी वाऱ्याच्या वेगाला पोचली तरी जमीन तिच्या खालून वेगाने मागे जातच असते. त्या गतीतून चाके शक्ती घेतात आणि पंखा ती मागच्या हवेला रेटण्यात खर्च करतो. सरकत्या पट्ट्यावर, जेथे वाऱ्याच्या झुळुकीचा प्रश्नच नाही, एका छोट्या प्रतिकृतीनेही तेच दाखविले. अखेर कुसेंकोंनी हार मान्य करून पैसे चुकते केले.

या कथेतला खरा चमत्कार गाडीत नाही असे मला वाटते. प्राध्यापकांनी डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही, ते योग्यच केले. आक्षेप अडाण्याचे नव्हते. मग आक्षेप एकेक करून गळून पडले तेव्हा त्यांनी सर्वांसमक्ष "मी चुकलो" म्हटले. पाहणे आणि पटणे यांच्यामध्ये एक अरुंद साकव आहे. त्यावरून जाताना स्वतःचे मत सांडण्याची तयारी लागते. प्रमाणांच्या यादीत हिला स्थान नाही, पण हिच्यावाचून चारही प्रमाणे पांगळी आहेत. मुलांनी व्हिडिओ पाहावे की प्रयोग करावे हा वाद त्यामानाने गौण आहे. पाहताना "माझे काय चुकत असेल?" हा प्रश्न जिवंत असला म्हणजे कलिंगडाचा स्फोटही विद्या होते. तो मेला म्हणजे प्रयोगशाळाही तमाशा होते.

हे सारे लिहून झाल्यावर येथेच थांबावे असे वाटले होते. पण भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. तोही आता विज्ञान शिकवितो. फराळ झाल्यावर मी त्याच्यापुढे बशी मांडली, आधी एक मेणबत्ती, मग तीन. तो बराच वेळ काही बोलला नाही.

"सर, तुम्हीच शिकवलं होतं आम्हांला."

"हो. चुकीचं शिकवलं."

"आणि मी तेच गेली पंधरा वर्षं..." तो थांबला. मग हळूच म्हणाला, "पण सर, परीक्षेत मुलांनी काय लिहायचं?"

मला चटकन उत्तर सुचले नाही. सत्य सांगितले तर एखाद्या मुलाचे दोन गुण जातील, आणि ते माझ्या खिशातून जाणार नाहीत. प्राध्यापकांनी आपल्या चुकीचे दहा हजार डॉलर स्वतः भरले, माझ्या चुकीची किंमत मात्र दुसऱ्यांची मुले भरणार. अखेर मी म्हणालो, "काय लिहायचं ते मला सांगता येत नाही. पण आधी त्यांना तीन मेणबत्त्या लावून दाखव, आणि हे सरांच्या सरांना ठाऊक नव्हतं, हेही सांग."

तो जाताना बशी आणि पेला मागून घेऊन गेला. मेणबत्त्या नातवाने दिल्या.