ऋण आणि अपराध

जर्मन भाषेंत ‘शुल्ट’ असा एक लहानसा शब्द आहे. सावकाराचें देणें हा त्याचा एक अर्थ, आणि हातून घडलेला अपराध हा दुसरा. डच भाषेंतही हीच स्थिति. इंग्रजीनें या अर्थांची फारकत केली खरी, तथापि जुनी सोयरीक लपत नाहीं. ‘शुड्’ हें त्याच धातूचें अपत्य. ‘ऑट्’ हें तर ‘ओ’ म्हणजे देणें लागणें या क्रियापदाचें जुनें भूतकाळी रूप. ‘गिल्ट’चें नातें ‘गेल्ट’ म्हणजे पैसा या जर्मन शब्दाशीं लावण्याचा मोह पुष्कळांना होतो, पण ध्वनिशास्त्र तें मान्य करीत नाहीं.

अपराधाची जाणीव ऋणको-धनकोंच्या व्यवहारांतूनच उपजली, असें अनुमान नीत्शेनें १८८७ सालीं या द्व्यर्थावरून काढलें. अनुमान चतुर आहे. परंतु शब्दाच्या वंशावळीवरून मनाची वंशावळ मांडणें धोक्याचें. आपल्या ‘ऋण’ शब्दाला हा कलंक नाहीं. देव, ऋषि व पितर यांचीं ऋणें घेऊन मनुष्य जन्मतो, तो कांहीं गुन्हा करून नव्हे. ‘मी आपला ऋणी आहें’ यांत तर कृतज्ञताच असते.

खरा प्रश्न असा कीं, ऋण फिटतें तसा अपराध फिटतो काय ? महायुद्धानंतर हा प्रश्न पुस्तकी राहिला नाहीं. तत्त्वज्ञ यास्पर्स यानें १९४६ सालीं ‘शुल्ट’चे चार प्रकार केले : कायद्याचा, राजकीय, नैतिक आणि ईश्वरासमोरचा. पैकीं भरपाई त्यानें केवळ राजकीय अपराधापुढें मांडली. पुढें १९५२ सालीं पश्चिम जर्मनीनें इस्राएलला तीन अब्ज मार्क देण्याचा करार केला. जर्मनांनीं या व्यवहाराला जें नांव दिलें त्याचा अर्थ ‘पुन्हा नीट करणें’. करारापूर्वीं, जानेवारींत, जेरुसलेमच्या लोकसभेवर संतप्त जमावानें दगडफेक केली होती. रक्ताचे पैसे घेणें म्हणजे खुन्यांना पावती लिहून देणें, असें विरोधकांचें म्हणणें. उलट, खुन्यांनींच मृतांचे वारसही व्हावें काय, असा मुख्य प्रधान बेन-गुरियन यांचा सवाल.

मला दोन्ही पक्ष खरे वाटतात. लुटलेलीं घरेंदारें हें देणें होतें, मारलेलीं माणसें हा अपराध होता. एकाच शब्दानें दोन्ही झांकलीं, एवढेंच. इस्राएलनें जर्मन नांव स्वीकारलें नाहीं. ‘शिलुमिम’, म्हणजे निव्वळ भरणा, हा हिब्रू शब्द त्यानें पसंत केला आणि रक्कम घेतली.