कृपा दारातच उभी असते

वारकरी सज्जनहो,

मुलगा पास झाला, कोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला, पाऊस वेळेवर पडला, की आपण म्हणतो, “पांडुरंगाची कृपा!” आणि उलटे झाले म्हणजे विचारतो, “देवा, कुठे गेली तुझी कृपा?” म्हणजे नफ्याला आपण कृपा म्हणतो. ही वाण्याची वही झाली, भक्ती नव्हे. आम्हीही अशीच वही बाळगून होतो, हे आज माउलींपुढे कबूल करतो.

२०२० साली महामारीमुळे पायी वारी निघाली नाही. संतांच्या पादुका आषाढीच्या आदल्या दिवशी एस.टी.ने पंढरीस गेल्या. आमच्या एकवीस वाऱ्या झालेल्या, बाविसावी चुकली. आम्ही ओसरीवर रुसून बसलो. देवावर रुसलो म्हणत होतो खरे, पण आत दुखत होता तो आकडा.

त्या आषाढात पहिल्यांदाच आम्ही घरी होतो, म्हणून घर दिसले. सूनबाई पहाटे चारला उठायची. गोठा झाडायची, धारा काढायची, भाकऱ्या थापायची आणि डोईवर पोते घेऊन भर पावसात खुरपणीला जायची. एके दिवशी आम्ही विचारले, “पोरी, दर साली असंच असतं का गं?”

ती म्हणाली, “असंच की, आबा. तुम्ही वारीला गेल्यावर तुमची दोन जनावरं तेवढी वाढतात.”

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पण आमच्या डोळ्यांवरची झापड उडाली. वारी येते ती पेरणी-खुरपणीच्या दिवसांत. आम्ही टाळ घेऊन निघायचो, तेव्हा आमचा संसार कुणीतरी डोईवर घेत होते. एकवीस वर्षे देव आम्हाला असा वाटेला लावीत होता, आणि आम्ही ते आपले पुण्य म्हणून मोजत होतो! लग्न होऊन सोळा वर्षे झाली, पण तिने पंढरी पाहिली नव्हती. आम्ही कधी विचारलेही नव्हते.

वारीत आपण लहानथोर न पाहता एकमेकांच्या पाया पडतो. मग घरातच मान का ताठ राहावी? आम्ही वाकलो. ती मागे सरली, “आबा, हे काय करताय?” आम्ही म्हटले, “वारी करतोय, बाळ.”

अरणच्या सावता महाराजांचे चरित्र आठवा. ते मळा सोडून पंढरीस गेले नाहीत, देवच त्यांच्या मळ्यात आला, असे परंपरा सांगते. आजही आषाढ वद्यात पंढरीहून देवाची पालखी अरणला जाते. कामात राबणाऱ्याकडे देव स्वतः चालत जातो, ही खूण आपल्या संप्रदायानेच जपली आहे.

मात्र एक सांभाळा. त्या महामारीत ज्यांच्या घरचे माणूस गेले, त्यांना “यातही देवाची कृपा आहे” असे सांगू नका. तो बोध नव्हे, तो निष्ठुरपणा. त्यांच्या ओसरीवर मुकाट्याने जाऊन बसा, चूल पेटली नसेल तर भाकरी न्या. कृपा समजावून सांगायची नसते, आपल्या हातून पोचवायची असते.

२०२२ साली वारी पुन्हा पायी निघाली. त्या वर्षी दिंडीत सूनबाई गेली, गोठा आम्ही सांभाळला. गाईने दोनदा लाथ मारली, भाकरी तर रोजच करपली. पण शेण भरताना नाम घेतले, ते पूर्वी टाळ कुटताना कधी एवढे आतून आले नव्हते. ती परत आली, आमच्या कपाळी बुक्का लावला आणि म्हणाली, “आबा, कळसाला हात जोडले, तेव्हा तुमची आठवण झाली.” बाविसावी वारी आम्हाला अशी घरपोच मिळाली. आता आम्ही मोजणे सोडले आहे.

माउली, आज रात्री निजण्यापूर्वी एवढेच करा. दिवसभरात जे तुम्ही कमावले नाही, तरी मिळाले, ते एकेक आठवा. भरलेला तांब्या कुणी ठेवला? कंदिलाची काच कुणी पुसली? ज्याचे नाव आठवेल, त्याला सकाळी मनोभावे हात जोडा. विटेवरचा तो तिथेच भेटेल, असा आमचा विश्वास आहे.

रामकृष्णहरि!