नैवेद्य दाखवला की अन्न शुद्ध होतं का?



गेल्या महिन्यात गोव्याच्या ग्रुपवर एका ताईंनी विचारलं होतं, की उत्सवाच्या महाप्रसादाची भाजी बेळगावहून येते, तिच्यावर औषध मारलेलं असतं असं सगळेच म्हणतात, मग ती एकदा तपासून घ्यायला नको का? लगेच उत्तरं आली. "ताई, देवापुढे ठेवलं की सगळं शुद्ध होतं." "प्रसादावर शंका घेऊ नये." पंचवीस-तीस जोडलेले हात आले आणि विषय मिटला. मला वाटतं तो मिटू नये. गोव्याला जाणारी बरीचशी भाजी आमच्याकडची. त्यामुळे उत्तर द्यायची जबाबदारी आम्हा बेळगावकरांवरही येते.

हाच प्रश्न एकदा कोर्टात जाऊन आलाय. जानेवारी २०२३ मध्ये, ऐन यात्रेच्या दिवसांत, केरळ उच्च न्यायालयाने शबरीमलाच्या अरवण प्रसादाची विक्री थांबवली. अरवण म्हणजे तांदूळ, गूळ, तुपाचं घट्ट पायस, डब्यात भरून देतात. त्यात घातलेल्या वेलदोड्यात १४ कीटकनाशकांचे अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाले होते. साडेसहा लाखांवर डबे पडून राहिले. देवस्थानाने लगेच वेलदोड्याशिवाय अरवण करायला घेतलं.

पुढची हकिकत लोक सांगत नाहीत, ती पण सांगायला हवी. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. मधल्या काळात तयार अरवण तपासलं गेलं होतं आणि ते खाण्यायोग्य निघालं होतं. एवढ्या पायसात वेलदोडा असून असून किती असणार! शिवाय तक्रार करणारा होता आधीचा वेलदोडा पुरवठादार, ज्याला त्या वेळी काम मिळालं नव्हतं. म्हणजे विचारणाऱ्याचं मन काही स्वच्छ नव्हतं. पण म्हणून प्रश्न खोटा ठरतो का? मला नाही वाटत. दिवा कुणीही लावला तरी उजेड पडतोच. आणि एक लक्षात घ्या, या सगळ्या प्रकरणात "देवापुढे ठेवलंय, आता तपासायचं काय" हे उत्तर कुणाला पुरलं नाही.

तपासणं म्हणजे अविश्वास, असं आपल्या मनात कुठेतरी बसलंय. शबरीने तर एकेक बोर चाखून रामाला दिलं, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. आंबट बोर देवाच्या तोंडी जाऊ नये म्हणून तिने उष्टं केलं. तिच्या चाखण्याला आपण शंका म्हणत नाही, भक्ती म्हणतो. अडचण एवढीच, की आजचं बोर चाखून शबरीलाही कळलं नसतं.

कारण हे अंश फार सूक्ष्म असतात. ज्या औषधाची वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला आपल्याकडे साधारण किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम हे माप लावतात. म्हणजे दहा-दहा टनांचे दहा ट्रक भाजी आणि त्यात मिळून एक ग्रॅम! जीभ, नाक, डोळा, काही चालत नाही. प्रयोगशाळेत भाजी दळून, द्रावणात काढून मोठ्या यंत्रावर बघावी लागते, आणि एका नमुन्याला पैसे पण चांगलेच पडतात. त्यामुळे "कापसाला तेल लावून भाजीवर घासा" असे जे व्हिडिओ फिरतात, त्यांनी हिरवा रंग लावलाय का एवढं कळतं, फवारणीचं काही कळत नाही. मीठ-हळदीच्या पाण्यात धुण्याचंही तसंच. वरवरचं बरंचसं जातं, ते जरूर धुवावं. पण आंतरप्रवाही औषध झाडाच्या रसातूनच आलेलं असतं, ते धुऊन जात नाही.

बरं, यंत्र तरी सर्वज्ञ आहे का? २०१० मध्ये आपली द्राक्षं युरोपात अडवली गेली. वेलीची वाढ आवरण्यासाठी वापरलेल्या क्लोरमेक्वाट क्लोराईडचे अंश त्यात सापडले. इथून निघताना द्राक्षं तपासलेलीच होती, पण तपासायच्या यादीत ते रसायन नव्हतं. जे शोधावं तेच सापडतं. तेव्हा रिपोर्ट चांगला आला म्हणजे अंतःकरण निर्धास्त, असं नाही. (युरोपला जाणाऱ्या द्राक्षाला एवढी तपासणी आणि इथल्या बाजारातल्या द्राक्षाला? पाहुण्याच्या ताटाची काळजी आणि घरच्याला "चालतंय की"! यावर खरं तर वेगळं लिहायला हवं.)

मग शुद्ध म्हणायचं कशाला? आहार शुद्ध तर मन शुद्ध, अशा अर्थाचं वचन छांदोग्य उपनिषदात आहे. शंकराचार्यांनी तिथे आहाराचा अर्थ इंद्रियांनी आत घेतलेलं सगळं असा केला. रामानुजाचार्य मात्र ताटातल्या अन्नाबद्दल बोलले आणि त्यांनी तीन दोष सांगितले. पदार्थाचा मूळचाच दोष तो जातिदोष, ज्याच्याकडून अन्न आलं त्याच्यामुळे येतो तो आश्रयदोष, आणि केस, धूळ, किडा पडल्याने लागतो तो निमित्तदोष. यात फवारणी कुठे बसवायची? मी बरेच दिवस विचार करत होते. ती निमित्तदोषात घालावी म्हटलं, तर गंमत बघा. अन्नात किडा नको म्हणूनच तर फवारणी झाली! जो दोष टाळायला गेलो, त्याच्या जागी न दिसणारा दुसरा आला. आज वांग्यात अळी निघाली तर निदान ती जिवंत राहण्याइतकं ते वांगं बरं आहे, असं म्हणायची पाळी आलीय.

आश्रयदोषाचा आधार घेऊन पूर्वी माणसांना पंगतीपासून लांब ठेवलं गेलं. तो अर्थ मला मान्य नाही आणि आपल्या सद्गुरूंच्या पंगतीत तो कधी चालला नाही. पण अन्न कुणाच्या हातून, कोणत्या हालातून आलं हे बघणं, असा अर्थ घेतला तर तो आज फार लागू पडतो. वांग्याला शेंडा आणि फळ पोखरणारी अळी लागते. बाजारात भोक असलेलं वांगं कुणी उचलत नाही, भाव निम्म्यावर येतो. प्रत्येक औषधाच्या माहितीपत्रकात फवारल्यानंतर किती दिवस थांबून तोडायचं ते दिलेलं असतं. पण वांगी तर दोन-चार दिवसांआड तोडावीच लागतात. थांबलं तर माल जून होतो, आणि थांबण्याचे पैसे त्याला कोण देतं? आपण चकचकीत, बिनडागाचं वांगं मागतो, तो ते देतो. मग विष कुणी घातलं?

आणि ते विष पहिल्यांदा कुणाच्या अंगावर पडतं हेही बघा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना विषबाधा होऊन वीसेक शेतकरी-शेतमजूर गेले. पाठीवर पंप, वाऱ्याने उलट अंगावर येणारे तुषार, ना हातमोजे ना चष्मा. आपण ताटातल्या दहा कोटीव्या भागाची चिंता करतो, ती करावीच. पण त्याच्या वाट्याला घोटाघोटाने येतं. प्रयोगशाळेच्या कागदावर तो कुठेच दिसत नाही. म्हणून नुसता रिपोर्ट मागून मी समाधानी होणार नाही.

त्या ताईंना माझं उत्तर असं, की नैवेद्याने अन्नाचा प्रसाद होतो, पण नैवेद्य दाखवणाऱ्याने काय विचारायचं ते आधीच विचारायचं असतं. मोठ्या उत्सवाच्या आधी केंद्राने वर्गणी काढून एक-दोन नमुने तपासून घ्यावेत, या त्यांच्या म्हणण्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. रोजच्यासाठी मात्र शेतकऱ्याला तोंडाने विचारणंच आपल्या हातात आहे.

आमच्या केंद्रात चार महिन्यांपासून कडोलीकडच्या दोन शेतकऱ्यांकडून थेट भाजी घेतो. "दादा, फवारून किती दिवस झाले?" हे विचारतो, आणि थांबून तोडलेल्या मालाला किलोमागे चार रुपये जास्त देतो, भोकं असली तरी. पहिल्या वेळी त्यातले एक दादा हसले, म्हणाले, "वहिनी, आजपर्यंत हे कुणी विचारलं नव्हतं, सगळे भावच विचारतात." खरं सांगतात कशावरून, असं एका काकूंनी मला विचारलं. शंभर टक्के खात्री नाहीच. पण दोनदा त्यांनी आपणहून फोन करून "या आठवड्यात ढबू मिरची घेऊ नका, कालच मारलंय" असं कळवलं. त्या दोन्ही गुरुवारी भोपळा केला.

अशी वांगी एकेक उघडून, कीड बघून चिरावी लागतात, त्यामुळे वेळ दुप्पट लागतो. भाजी बुधवारी संध्याकाळी येते. ज्यांना जमेल त्या भगिनींनी गुरुवारी सकाळी साडेसहाला विळी घेऊन यावं, सध्या आम्ही पाचच जणी आहोत.