वाहत्या पाण्याचे देणे

उतारावरून पडणाऱ्या धारेवर चाक फिरवून घरापुरती वीज काढणे, ही घरगुती जलविद्युत. तिचे साहित्य भंगारात मिळते: सायकलची जुनी रिंग, उभ्या चिरलेल्या पीव्हीसी पाइपची पाती, जुन्या गाडीचा अल्टरनेटर किंवा सायकलचा डायनॅमो. काम हाताचे असले तरी त्यामागचा प्रश्न धर्मविचाराचा आहे. जे पाणी एकट्या कोणाचे नाही, त्याचा वेग एका घराने घ्यावा का? आणि घेतला तर त्या घराचे देणे काय?

वैदिक परंपरेत माणूस देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण घेऊनच जन्माला येतो. गीतेचा तिसरा अध्याय पाऊस, अन्न आणि कर्म यांचे चक्र सांगतो आणि घेतलेले परत न करणाऱ्याला चोर ठरवतो. ईशावास्य उपनिषद भोगाला त्यागाची अट घालते, तर जैन विचार अपरिग्रहाची. या सर्वांतून एकच कसोटी हाती येते: वस्तू वापरावी, पण पुढच्याच्या वाट्याची ठेवून.

जलविद्युत या कसोटीला बरीच उतरते. पिकाला दिलेले पाणी मुरते, वाफ होऊन उडते; चाकावरून गेलेले पाणी मात्र जेवढे आले तेवढेच पुढे जाते. घर घेते ते पाणी नव्हे, पाण्याचे पडणे. १० लिटरची भरलेली बादली दर सेकंदाला ३ मीटरवरून ओतावी, एवढ्या धारेत सुमारे २९४ वॅट शक्ती असते. घरी बनवलेल्या चाकाने त्यातला तिसरा हिस्सा जरी पकडला, तरी ९ वॅटचे दहा दिवे लागतात.

दुसरी कसोटी सत्याची. गच्चीवरच्या टाकीतून उतरणाऱ्या पाण्यावर वीज काढण्याची कल्पना अनेकांना सुचते. १००० लिटर पाणी १० मीटर खाली आले, तर फार तर २७ वॅट-तास मिळतात. म्हणजे ९ वॅटचा एक दिवा तीन तास. पण ते पाणी वर चढवताना पंपाने याहून जास्त वीज खाल्लेली असते. १००० चौरस फुटांच्या छतावर वर्षभरात १००० मिलिमीटर पाऊस पडला आणि तो सगळा ३ मीटर खाली उतरवला, तरी वर्षाकाठी पाऊण युनिट हाती येते. तो पाऊस विहिरीत किंवा बोअरमध्ये जिरवणे हाच त्याचा खरा उपयोग. निसर्ग फुकट काही देत नाही, हे भौतिकशास्त्राचे म्हणणे आणि ऋणाची कल्पना इथे एकाच जागी येऊन मिळतात.

नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगर परिसरात हा हिशेब ऋतूवर अवलंबून आहे. पैनगंगा इथे मराठवाडा आणि विदर्भ यांची सीमा होऊन वाहते. इस्लापूरजवळचा तिचा सहस्रकुंड धबधबा पावसाळ्यात काळ्या खडकांवरून गर्जत कोसळतो, उन्हाळ्यात क्षीण होतो. लहान ओढे तर त्याआधीच आटतात. म्हणून इथले चाक मुख्यतः पावसाळ्याचे सोबती; बारमाही विजेची आशा त्यावर ठेवता येत नाही.

वाहत्या पाण्याची शक्ती धर्मकार्याला लावल्याचे उदाहरण मराठवाड्यातच आहे. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात आहे. दूरच्या झऱ्याचे पाणी जमिनीखालच्या मातीच्या नळांतून तिथे आणले गेले. त्याच्या पडण्यावर जाते फिरे आणि यात्रेकरू व फकिरांसाठी धान्य दळले जाई. पाण्याची ताकद अन्नदानाला लागली.

महादेवाच्या पिंडीवर ओतलेले पाणी पन्हळीतून वाहून जाते, तिथे अडून राहत नाही. चाकाची मांडणीही अशीच असावी. प्रवाहाचा काही भागच वळवावा, म्हणजे मधला ओढा कोरडा पडत नाही आणि मासे व गुरे यांचे पाणी तुटत नाही. खालच्या शेतकऱ्याची संमती आधी घ्यावी. बेअरिंगचे ग्रीस किंवा जुन्या बॅटरीतले आम्ल पाण्यात उतरू देऊ नये. टाकाऊतून टिकाऊ करताना नदीला नवा कचरा देणे हा अधर्मच.

पाण्याच्या वेगावर घराचा हक्क आहे, पण तो मालकाचा नव्हे, ऋणकोचा. चाकाखालून निघणारे पाणी वरून आले तेवढेच आणि तेवढेच स्वच्छ असेल, तर ते ऋण फिटले.