तहान कोणाची?

नाथमहाराजांची एक कथा आपण कीर्तनात अनेकदा ऐकतो. गंगेची कावड रामेश्वरला नेताना वाटेत तहानेने तडफडणारे गाढव दिसते आणि नाथ कावडीतले पाणी त्याच्या तोंडात घालतात. ऐकताना डोळे पाणावतात. पण ही कथा आपल्या घरात कुठे लागू होते, ते चटकन कळत नाही. मला ते गेल्या हिवाळ्यात एका काचेच्या टाकीपाशी कळले.

धाकटा मुलगा अमेरिकेत न्यू जर्सीला असतो. त्याच्या दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची टाकी आहे, तिच्यात मासे आणि प्रवाळ. आपल्याकडे खडक बांधणाऱ्या प्रवाळांना कायद्याने वाघासारखेच संरक्षण आहे. घरी ठेवायचे नाहीत. तिथे एकाच्या टाकीत वाढलेल्या प्रवाळाचा तुकडा दुसरा नेतो आणि वाढवतो. मुलानेही तसेच केले होते. मी रोज तिन्हीसांजेला तिथेच बसून हरिपाठ म्हणत असे.

प्रवाळ दिसतो दगडासारखा, पण तो प्राणी आहे. त्याच्या देहात सूक्ष्म शैवाल राहते. ते प्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देते. एकाने घर द्यायचे, दुसऱ्याने घास. असा तो संसार.

मुलाने जुना दिवा काढून नवा, भारी एलईडी दिवा बसवला. टाकी झगमगली. शेजारीपाजारी पाहून गेले. मीही कौतुक केले. आठवडाभरात दोन प्रवाळ पांढरेफटक पडले. एकाएकी वाढलेला प्रकाश सोसला नाही आणि आतले शैवाल बाहेर पडले. मुलगा खिन्न होऊन म्हणाला, "बाबा, दिवा तर आधीपेक्षा चांगला आहे. मग चुकलं कुठं?"

दिव्यात खोट नव्हती. घाई आमची होती. असा दिवा आधी मंद ठेवून काही आठवड्यांत हळूहळू वाढवायचा असतो. मुलाला ते ठाऊक होते, पण पाहुण्यांपुढे मंद दिवा त्याला नको वाटला. मग त्याने प्रकाश उतरवला. पांढरा पडलेला प्रवाळ लगेच मेलेला नसतो. एक महिन्या-दोन महिन्यांनी सावरला, दुसरा गेला.

त्यानंतर त्याच्या मनात लाटा उठवणारा महागडा पंप आला. मी विचारले, "ही तहान कोणाची? त्यांची, की आपल्या डोळ्यांची?" तो गप्प राहिला. मग आम्ही दोघांनी टाकीची एकेक वस्तू तपासली. पाणी तापवणारा हीटर जुना झालेला. तो चालू स्थितीत अडकला, तर पंचवीस-सव्वीस अंशांचे पाणी चढत जाऊन सगळे जीव शिजतील. वीज गेली आणि पाणी हलायचे थांबले, तर काही तासांत प्राणवायू कमी पडेल. यांतले काहीच पाहुण्यांना दिसत नाही. मुलाने नवा हीटर, त्यावर लक्ष ठेवणारा तापमान नियंत्रक आणि बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घेतला. पंपाची गरज मी असेपर्यंत पडली नाही. त्याचे कौतुकही कोणी केले नाही.

दिंडीत वीणा दिसते, पताका दिसतात. वारकरी उठण्याआधी अंधारात टँकरपाशी पाणी भरणारा दिसत नाही. तो नसेल तर मात्र दिंडी पुढे सरकत नाही.

कोणी म्हणेल, जीव कोंडायचेच कशाला? प्रश्न खरा आहे आणि त्याचे पूर्ण उत्तर माझ्याजवळ नाही. एवढे मात्र कळते, की मोकळ्या समुद्रातला जीव देवाच्या हवाली असतो. काचेत आणलेला आपल्या हवाली. भुकेला तो दुसरीकडे जाऊ शकत नाही, पाणी तापले तर खोल उतरू शकत नाही. त्याच्या वाटा आपण बंद केल्या, म्हणून त्याची काळजीही आपल्याच माथी आली. गोठ्यातली गाय, कुंडीतली तुळस, अंथरुणाला खिळलेली आई, सगळीकडे हिशेब हाच.

सेवा करतो म्हणताना आपण पुष्कळदा स्वतःचीच हौस पुरवतो. आईला जरीचे लुगडे घेतो. तिला हवी असते रात्री उठताना धरायला काठी. कावड खांद्यावर आहेच. ती रिती करण्याआधी तहान कोणाची, एवढे विचारावे.

रामकृष्ण हरी.