उत्पन्नाचा दाखला

भाचीचा फोन आला तेव्हा दुपारचा खाणीचा भोंगा नुकताच वाजून गेला होता. मलाजखंडला राहणाऱ्यांना हे सांगायला नको, पण बाहेरच्या मैत्रिणींसाठी सांगते: इथे तांब्याची मोठी उघडी खाण आहे, हिंदुस्थान कॉपरची, १९८२ पासूनची. सुरुंग लावायच्या आधी भोंगा होतो, मग खिडकीची काच थोडी थरथरते आणि आम्ही बायका हातातलं काम न सोडता पुढे बोलत राहतो. तशीच मी बोलत होते.

"मावशी, पीएच.डी.च्या फेलोशिपचा फॉर्म आलाय. त्यात अल्पसंख्याकांसाठी वेगळी आहे, मौलाना आझादांच्या नावाची. आता आपल्यालाही चालते म्हणे. भरू का?"

मी म्हटलं, "भर की. विचारायचं काय त्यात?"

एवढंच बोलणं झालं. त्याला आता सात-आठ वर्षं होतील. हा लेख त्या "भर की" बद्दल आहे.

ती फेलोशिप केंद्र सरकारने २००९ साली सुरू केली होती. अल्पसंख्य समाजातल्या मुलामुलींनी संशोधन करावं, पुढे कॉलेजात, विद्यापीठात शिकवावं, हा हेतू. ३० टक्के जागा मुलींसाठी. २७ जानेवारी २०१४ ला जैनांना राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याकांचा दर्जा मिळाला आणि आपलं नाव त्या यादीत आलं. आठवतं ना तुम्हाला? मंदिरात पेढे वाटले होते. काही वडीलधारे मात्र गप्प होते. माझे सासरे म्हणाले होते, "संख्येनं अल्प तर आपण आहोतच, पण ह्या शब्दाबरोबर अजून काय काय अंगाला चिकटेल ते बघावं लागेल." तेव्हा मला ते म्हातारपणचं कुरकुरणं वाटलं.

तर भाचीच्या फॉर्ममध्ये एक अट होती. घरचं वार्षिक उत्पन्न सहा लाखांच्या आत हवं. माझे भाऊजी वऱ्हाडातल्या एका तालुक्याच्या गावी किराण्याचे व्यापारी. दुकान वडिलांपासूनचं, मागे गोदाम, वरती दोन मजले. रिटर्नमधला आकडा सहा लाखांच्या आत बसत होता. खरा किती, ते ताईलाही नीट ठाऊक नसेल, पण सहा लाखांत ते घर चालत नव्हतं हे मी दरवर्षी दिवाळीत डोळ्यांनी बघत होते. दाखला निघाला. फॉर्म गेला. फेलोशिप मिळाली. पेढे मलाजखंडपर्यंत आले आणि मी ते खाल्ले.

आता जरा माझंही सांगते, म्हणजे मी इतक्या पटकन "भर" का म्हटलं ते कळेल. बी.ए.ला मला बरे मार्क होते. एम.ए.चा फॉर्म आणला होता, भरलाही होता. तेवढ्यात हे स्थळ आलं. खाणीतली पक्की नोकरी, कंपनीचं क्वार्टर. फॉर्म माहेरच्या फडताळात राहिला. त्यामुळे घराण्यातली एखादी मुलगी पुढे शिकते म्हटलं की मला काही सुचत नाही, कसंही करून तिने जावं एवढंच वाटतं. मागे एकदा वाचलं की विद्यापीठ अनुदान आयोगाने स्त्रियांसाठी पीएच.डी.नंतरची वेगळी फेलोशिप ठेवली होती, वर्षाला १०० जागा, पाच वर्षं मुदत, आणि वयाची अट चक्क ५५ पर्यंत. ज्याने कोणी ती अट घातली त्याला बायकांचं आयुष्य ठाऊक होतं: मुलं मोठी होतात, सासूबाईंचं दुखणं संपतं, मग कुठे पुस्तक हातात येतं. वाचून मला आनंदही झाला आणि रडूही आलं. माझं वय त्यात बसत होतं. नव्हती ती पीएच.डी.!

म्हणजे लोभ होता. पैशाचा नसेल, पण होताच.

पर्युषणात अचौर्यावर प्रवचन होतं तेव्हा मी हे सगळं ताईजवळ एकदा काढलं. न दिलेलं घेणं ती चोरी, ही आपली व्याख्या. भाची तिथेच होती. ती हुशार आहे, लगेच म्हणाली, "मावशी, हे तर दिलेलंच घेतलंय. सरकारने दिलं, समाजाच्या नावाने दिलं. आणि त्या जागा समाजांमध्ये लोकसंख्येच्या प्रमाणात वाटलेल्या असतात. मी कोण्या मुसलमान मुलीची जागा घेतली नाही, आदिवासींची तर फेलोशिपच वेगळी आहे. आपल्या वाट्याची आपण घेतली."

मी तेव्हा निरुत्तर झाले. नंतर भांडी आवरताना उत्तर सुचलं, नेहमीप्रमाणे उशिरा.

अचौर्य व्रताचे जे अतिचार सांगितले आहेत त्यांत एक आहे खोटी मापं ठेवण्याचा. घ्यायचं माप मोठं, द्यायचं लहान. भाऊजींच्या दुकानात असं कधीच झालेलं नाही. त्यांचा काटा गावात नावाजलेला आहे, लहान पोर पाठवलं तरी बरोबर वजन मिळतं. तेच भाऊजी स्वतःचं उत्पन्न मोजताना मात्र दुसरा काटा काढतात, आणि आम्हा कुणालाच त्यात काही वाटत नाही. त्याला आम्ही "कागदोपत्री" असा शब्द ठेवला आहे. कागदोपत्री सहा लाखांच्या आत.

आणि "आपल्या वाट्याची" म्हणजे कुणाची? २००१ च्या जनगणनेत जैनांची साक्षरता ९४.१ टक्के होती, देशात सगळ्यांत जास्त. बायकांची ९०.६. आपण हे आकडे अभिमानाने सांगतो. पण जैन म्हणजे सगळे दुकानदारच असं थोडंच आहे? सांगली, कोल्हापूर, बेळगावकडे आपले लोक पिढ्यान्‌पिढ्या नांगर धरणारे आहेत. एकरभर शेतीवर घर चालवणारे जैन आहेत, मंदिरात पूजा-प्रक्षाळ करून जगणारी उपाध्यांची घरं आहेत. सहा लाखांची अट त्यांच्या मुलींसाठी होती. जैनांच्या वाट्याच्या मोजक्या जागा, त्यातली एक आमच्या घरी आली. ती कुणाची होती ते मला कधीच कळणार नाही. तिचा चेहरा दिसत नाही म्हणून पेढा गोड लागला.

आता कुणी म्हणेल, मग ह्या फेलोशिपाच बंद करा, गुण बघा आणि द्या. (आमच्या महिला मंडळात हे वाक्य चहाबरोबर येतंच येतं.) मला ते पटत नाही. का ते सांगते.

१९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. गुण कमी पडले असं कुणीच म्हणणार नाही. करारानुसार १९१७ ला नोकरीसाठी बडोद्याला आले तर राहायला जागा मिळेना. पारशी नाव सांगून एका पारशी मुसाफिरखान्यात उतरले, तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्यांनी बाहेर काढलं. पुढच्या वर्षी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तर त्यांनी प्राध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याच्या भांड्यातून पिऊ नये अशी काही सहकाऱ्यांची हरकत. शिष्यवृत्ती देणाऱ्याने दिली, घेणाऱ्याने सोनं केलं, पण खोलीत बसलेले सगळे एकाच घरातले असले की असं होतं.

आपल्या समाजाच्या इतिहासातही डोकावून बघा. शाहू महाराजांच्या कोल्हापुरात जैन बोर्डिंग निघालं, आपली मुलं तिथे राहून शिकली. त्यातच कुंभोजचे भाऊराव पाटील होते. अस्पृश्य मुलांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले, परत आल्यावर आंघोळ करून आत या म्हटलं तर ऐकेनात, आणि त्यांना बोर्डिंग सोडावं लागलं, अशी हकीकत त्यांच्या चरित्रात येते. आपलेच लोक, आपलंच बोर्डिंग. त्याच भाऊरावांनी १९१९ ला रयत शिक्षण संस्था काढली, सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली आणि दाणे संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं मोडलं, मंगळसूत्रसुद्धा. कर्मवीरांचे पुतळे आहेत. मला मात्र त्या रात्री कोठीत धान्य बघायला गेलेल्या लक्ष्मीबाई जास्त दिसतात.

बरं, खोलीत आपला माणूस असला की काय होतं त्याचंही उदाहरण घरचंच आहे. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात हिरालाल जैन संस्कृतचे प्राध्यापक होते. मूडबिद्रीच्या ताडपत्रांत शतकानुशतकं कुलपात राहिलेल्या धवला टीकेचा पहिला भाग त्यांच्या संपादनाखाली १९३९ ला अमरावतीहून निघाला. कोल्हापूरला राजाराम कॉलेजात आदिनाथ उपाध्ये अर्धमागधी शिकवत होते, त्यांचाही ह्या कामाला हात लागला. प्राकृत आपल्या आजीच्या तोंडातल्या गाथांत होती तोवर ती "धार्मिक". हे लोक कॉलेजात बसले तेव्हा ती "विषय" झाली.

मग मी माझ्या खिडकीतून बघते. हा सगळा मुलूख गोंडांचा आणि बैगांचा. वेरियर एल्विन साहेबांनी बैगांवर जाडजूड पुस्तक लिहिलं तेही १९३९ लाच. तेव्हापासून किती जण आले असतील, टेपरेकॉर्डर घेऊन, आता मोबाइल घेऊन. आमच्याकडे एकदा एक संशोधक मुलगी दोन दिवस उतरली होती. बैगांच्या झाडपाल्याच्या औषधांवर तिचा प्रबंध होता. मी तिला विचारलं, "तुला हे सांगणाऱ्या बाईचं नाव प्रबंधात येतं का गं?" ती म्हणाली, "मावशी, मागे यादीत येतं, माहिती देणारे म्हणून." २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे जवळजवळ ३० लाख आहेत. त्यांची भाषा "विषय" कधी होणार, आणि खुर्चीत कोण बसल्यावर? अनेकान्ताची हत्तीची गोष्ट आपण प्रत्येक पर्युषणात ऐकतो. त्या गोष्टीत हत्तीजवळ निदान सहा जण तरी पोचलेले असतात.

आणि इथेच फेलोशिपचं खरं काम मला उशिरा समजलं. तेही भाचीमुळेच. तिची पीएच.डी. झाली आणि आता ती एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. तासाला पैसे, सुटीत काही नाही, पुढच्या वर्षी बोलावतील की नाही कोण जाणे. पीएच.डी. ते पक्की नोकरी ह्यात जी वर्षं जातात ती कुणाच्या जिवावर काढायची? भाची वडिलांच्या गोदामाच्या जिवावर काढते आहे, आणि काढू शकेल. मजुराच्या मुलीला एक वर्षही थांबता येत नाही. ती शिक्षक भरतीचा, पोलीस भरतीचा, अंगणवाडीचा फॉर्म भरते आणि विद्यापीठ सुटतं. पीएच.डी.नंतरची फेलोशिप म्हणजे ह्या थांबण्याचा पगार. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाने १९८४ मध्ये अशीच एक सुरू केली, बायका आणि मागे राहिलेल्या समाजांतली माणसं प्राध्यापक व्हावीत म्हणून. पुढे तर त्या फेलोला एखाद्या विभागाने नोकरीवर घेतलं की त्याच्या पगाराचा भार काही वर्षं वरचं कार्यालय उचलू लागलं. म्हणजे पूल बांधला आणि पलीकडे घाटही बांधला. आपल्याकडे आयोगाने २०२२ ला राधाकृष्णन यांच्या नावाची पीएच.डी.नंतरची फेलोशिप जाहीर केली, ९०० जागा, ३० टक्के स्त्रियांना, महिना ५०,००० रुपये. रक्कम चांगली आहे. पण पलीकडचा घाट? राखीव जागांची मोजणी विभागवार की सगळ्या विद्यापीठाची मिळून, ह्या एका प्रश्नावर २०१८ मध्ये भरती अडली. विभागवार धरलं तर लहान विभागात राखीव जागेची पाळीच येत नाही. शेवटी २०१९ ला कायदा करून संपूर्ण विद्यापीठ हे एकक ठरवावं लागलं. आणि मुलाखतीला बोलावून "योग्य उमेदवार मिळाला नाही" असा शेरा मारायची सोय ती वेगळीच.

मौलाना आझाद फेलोशिप डिसेंबर २०२२ मध्ये बंद झाली. इतर योजनांशी ती एकमेकींवर चढते असं लोकसभेत कारण दिलं गेलं. मंडळात ती बातमी निघाली तेव्हा एक जण म्हणाल्या, "बरं झालं, सगळे खोटेच दाखले आणतात." मी चहाचा कप हातात घेऊन बसले होते. मला काही बोलता आलं नाही. योजना चालू राहावी म्हणून मी भांडले असते, मनापासून भांडले असते, पण त्या वाक्यातल्या "सगळे" मध्ये मीच होते.

भाचीला मी दोष देत नाही. तिने निदान विचारलं होतं, "भरू का?" तिला बहुतेक नाही ऐकायचं होतं, असं आता वाटतं.

मागच्या जूनची गोष्ट. आमच्याकडे बारा वर्षांपासून कामाला येणाऱ्या बाई गोंड आहेत. त्यांची धाकटी एम.ए.ला आहे, इतिहास घेतलाय. शिष्यवृत्तीच्या फॉर्मसाठी उत्पन्नाचा दाखला हवा होता, तर लोकसेवा केंद्रात जायच्या आधी दोघी माझ्याकडे कागद घेऊन आल्या. बाई खाली बसायला लागल्या, मी खुर्ची ओढली तर म्हणाल्या, "राहू द्या मॅडम." मुलगी मात्र खुर्चीत बसली. तिने पेन काढलं. वडिलांची मजुरी, महुआ-तेंदूचे दिवस, आईची तीन घरं.

"आंटी, खरं तेच लिहायचं ना?" तिने विचारलं.

"खरं तेच," मी म्हटलं.

"मग तुम्ही आईला महिन्याचे किती देता ते सांगा."

मी सांगितलं. तिने तो आकडा लिहिला, बाराने गुणला आणि गुणाकार बरोबर आहे ना ते बघायला कागद माझ्याकडे फिरवला.